मिनिटाला साठ शब्द

जव्हार म्हटलं की मुंबई-नाशिककरांना दाभोसा धबधबा, मुकणे संस्थानिकांचा जय विलास राजवाडा आणि वारली चित्रं आठवतात. मोखाडा म्हटलं की कुपोषण. 1992 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत बालमृत्यूंचं सत्र झालं, आणि तेव्हापासून हे दोन तालुके वर्तमानपत्रात येतात ते बहुधा पावसाळ्यात आणि बहुधा त्याच कारणाने. इथल्या पहिली-दुसरीच्या वर्गात काय चालतं, याची बातमी होत नाही. ती आता व्हायला हवी, कारण देशाने लहान मुलांच्या वाचन-गणितासाठी जी फूटपट्टी ठरवली आहे, तिची खरी परीक्षा पुण्या-मुंबईत होणार नाही, ती इथल्या पाड्यांवर व्हायची आहे.

ही फूटपट्टी म्हणजे निपुण भारत. केंद्र सरकारने 5 जुलै 2021 रोजी ती जाहीर केली, महाराष्ट्राने स्वीकारली, आणि तिची उद्दिष्टं शाळाशाळांच्या भिंतींवर रंगली. बालवाटिकेतल्या मुलाने दोन-तीन अक्षरी शब्द वाचावेत, 10 पर्यंतचे अंक ओळखावेत. पहिलीत चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य आणि 99 पर्यंतच्या संख्या. दुसरीत मिनिटाला 45 ते 60 शब्द, तेही समजून. 999 पर्यंत संख्या आणि 99 पर्यंतची वजाबाकी. तिसरीत मिनिटाला किमान 60 शब्द, 9999 पर्यंत संख्या आणि सोपे गुणाकार. 2026-27 पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाने एवढं गाठायचं आहे. मुदत संपत आली आहे.

2000 साली शिक्षणसेवक योजना आली. तेव्हा रुजू झालेल्या गुरुजींनी अशी वळणं बरीच पाहिली. 'किमान अध्ययन क्षमतां'चे तक्ते त्यांच्या आधीच आले होते. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि नोंदवह्या वाढल्या. 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, ज्ञानरचनावादाचा बोलबाला झाला, वर्गातल्या फरशा रंगल्या. 2017 मध्ये अध्ययन निष्पत्ती आल्या. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांना वहीची कोरी पानं जोडली गेली आणि 2025 मध्ये ती काढायचं ठरलं. प्रत्येक वेळी प्रशिक्षण, प्रत्येक वेळी नवं प्रपत्र. त्यामुळे केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत 'आणखी एक आलं' असा सुस्कारा ऐकू आला तर नवल नाही.

तरी निपुणचा एक गुण मान्य करायला हवा. पूर्वी साहेब शाळेत आले की विचारायचे, 'अभ्यासक्रम कुठवर आला?' आता विचारतात, 'मुलाला येतं का?' अभ्यासक्रम कागदावर पूर्ण करता येतो. मूल वाचत नसेल तर ते लपवता येत नाही. प्रश्न फूटपट्टीचा नाहीच. ती कुठून लावायला सुरुवात करायची, हा प्रश्न आहे.

शाळेची मराठी, घरची बोली

2011 च्या जनगणनेनुसार जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांची मिळून लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या आत-बाहेर, आणि त्यात दहांतले नऊ आदिवासी. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी. ज्याची त्याची बोली. मराठीशी नातं आहे, पण उच्चार वेगळे, प्रत्यय वेगळे, रोजच्या वापरातले कितीतरी शब्द वेगळे. पहिलीत आलेल्या मुलाला शाळेची मराठी थोडीफार समजते, पण ती त्याच्या घरात कुणी बोलत नाही.

लातूर, बीड, जळगावहून बदलून किंवा भरतीने आलेल्या गुरुजींना पहिला धक्का बसतो तो 'तू'चा. मूल सरळ विचारतं, 'गुरुजी, तू कधी आलास?' वारली बोलीत थोरामोठ्यांनाही 'तू'च म्हणतात, त्यात उद्धटपणाचा मागमूस नसतो. हे ज्या शिक्षकाला कळतं त्याचा वर्ग आठवडाभरात बोलका होतो. ज्याला कळत नाही तो 'तुम्ही म्हण' म्हणून टोकत राहतो आणि मूल गप्प होतं. गप्प मुलाला वाचन शिकवणं फार अवघड, कारण वाचायचं असतं ते बोलण्यातलंच.

म्हणून इथल्या जाणत्या शिक्षकांनी क्रम बदलला आहे. आधी चित्र दाखवायचं आणि मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्यायचं. ते जे बोललं ते फळ्यावर देवनागरीत जसंच्या तसं लिहायचं. मग त्याच वाक्याच्या खाली मराठीतलं वाक्य. नागली, वरई, मोह, खेकडे, कणगी, बोहाड्यातले मुखवटे, तारपा हे सगळं आधी फळ्यावर येतं. बागेतली घसरगुंडी आणि वाढदिवसाचा केक नंतर. यात वेळ जातो, आणि निपुणच्या तक्त्यात या वेळेला रकाना नाही.

अक्षरओळखीचंही तसंच. आपल्यापैकी बहुतेक जण 'ग म भ न' करत शिकलो. वळणाच्या दृष्टीने तो क्रम सोयीचा, हात लवकर बसतो. पण त्यातून शब्द कोणते निघतात? गगन, नभ, गमन, मन. जव्हारच्या पाड्यावर आकाशाला 'नभ' म्हणणारं कुणी भेटणार नाही. शहरातही भेटणार नाही, पण तिथल्या मुलाला तो शब्द निदान गाण्यातून कानावर पडलेला असतो. आता शिक्षक चार-पाच अक्षरं आणि त्यांच्यासोबत लगेच एखादी मात्रा घेतात. म, क, न, र आणि काना एवढं हाताशी आलं की मका, कान, नाक, मान, काम, मामा, काका, रान असे शब्द पहिल्या काही दिवसांतच वाचता येतात. मूल वाचतं आणि त्याच क्षणी त्याला कळतं की हे आपल्याला माहीत आहे. संपूर्ण मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द अशी वर्षभराची चढण यात टळते. निपुणच्या उद्दिष्टातलं 'समजून' हे क्रियाविशेषण इथे पहिल्या आठवड्यापासून खरं होतं.

घड्याळ लावून वाचन

साठ शब्द मिनिटाला म्हणजे सेकंदाला एक शब्द. ऐकायला सोपं वाटतं. पण मराठीतला शब्द लांब असतो. 'घरासमोरच्या' हा आपला एक शब्द. इंग्रजीत तेवढ्यासाठी चार-पाच शब्द लागतील. विभक्ती, शब्दयोगी अव्यय, जोडाक्षर सगळं एकाच शब्दाला लटकलेलं. त्यामुळे एका भाषेतला वेग दुसऱ्या भाषेला लावता येत नाही. एनसीईआरटीने मार्च 2022 मध्ये देशभरातल्या सुमारे 86 हजार तिसरीच्या मुलांची एकेक करून तोंडी चाचणी घेतली, वीस भाषांमध्ये. त्या अभ्यासात वाचनवेगाचे निकष प्रत्येक भाषेसाठी वेगळे ठरवले गेले. हे शहाणपणाचं होतं. मात्र शाळेच्या भिंतीवर उतरताना ते शहाणपण गळून पडलं आणि उरला तो साठाचा आकडा.

आता त्यात आणखी एक पायरी मिळवा. पुण्यातल्या मुलाला 'अंगणात' वाचताना पहिल्या दोन अक्षरांवरून उरलेला शब्द अंदाजाने कळतो, कारण तो त्याने हजारदा ऐकलेला असतो. वाचनाचा वेग या अंदाजातून येतो. कातकरी मुलाला तो शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत फोडावा लागतो. अक्षरज्ञान दोघांचं सारखं असलं तरी घड्याळ एकालाच झुकतं माप देतं. वेग कमी म्हणजे मूल मागे, असा शेरा तिथे पडतो, आणि मग शिक्षक साहजिकच तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचून घेतो. दहाव्या वेळी मूल साठ शब्द म्हणतं. वाचत मात्र नसतं, पाठ म्हणत असतं. उतारा बदलून वाचायला द्या, म्हणजे लगेच कळेल.

सत्तेचाळीस की चाळीस सात

गणिताची गोष्ट याहून मजेची आहे. दुसरीच्या मुलाला 'सत्तेचाळीस लिही' म्हटलं की ते पुष्कळदा 74 लिहितं. चूक मुलाची नाही. कानावर सात आधी पडतो, चाळीस नंतर. हाताने मात्र चार आधी लिहायचा असतो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस ही आणखी एक गंमत: ऐकायला तीस, लिहायला दोन. आणि त्र्याण्णव, सत्त्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी या जोडाक्षरांच्या गाठी. 99 पर्यंतच्या संख्या पहिलीत यायला हव्यात असं निपुण म्हणतं तेव्हा मराठी मुलाने शंभरेक स्वतंत्र नावं पाठ करायची असतात.

2019 च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं नवं गणित आलं. त्यात 'सत्तेचाळीस'सोबत 'चाळीस सात' असंही वाचन दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. जुनी पद्धत काढलेली नव्हती, दोन्ही दिल्या होत्या. पण महाराष्ट्रात गहजब झाला. भाषेचा खून, मराठी संस्कृतीवर घाला इथपासून ते विधानसभेतल्या कोट्यांपर्यंत मजल गेली. नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की हे लहान मुलांच्या सोयीसाठी आहे, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांमुळे मुलांना गणिताची धास्ती बसते. 2023 मध्ये त्या गेल्या. वाद शहरांतल्या दिवाणखान्यांत झाला. ज्या मुलांना त्या बदलाचा सर्वात जास्त उपयोग व्हायचा, त्यांना कुणी विचारलं नाही.

खेड्यापाड्यांतली जुनी माणसं अजून विसांत मोजतात. सत्तेचाळीस कोंबड्या नसतात, दोन वीस आणि सात असतात. म्हणजे मोठा आकडा आधी, सुटे नंतर. नारळीकरांची 'चाळीस सात' ही पद्धत आजीच्या मोजणीला पुस्तकातल्या मोजणीपेक्षा जवळची आहे. ज्या वर्गात हे हेरलं जातं तिथे धडा असा चालतो. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले. एका मुलीने चार गठ्ठे आणि सात सुट्या काड्या उचलल्या. किती? ती म्हणते, 'चार गठ्ठं नि सात.' बाई म्हणतात, 'म्हणजे चाळीस आणि सात. लिही.' ती 47 बरोबर लिहिते. शेवटी बाई सांगतात, 'याला शाळेत सत्तेचाळीस म्हणतात.' नाव शेवटी, संख्या आधी. मग शंभर मण्यांच्या माळेवर चिमटा लावून तीच संख्या पुन्हा शोधायची. याला जास्तीचं साहित्य लागत नाही, पैसा लागत नाही. गठ्ठे मोडून वजाबाकी केली की 'हातचा घेणे' म्हणजे काय, हे मुलाच्या डोळ्यांसमोर घडतं. नाहीतर हातचा हे पहिली-दुसरीतलं सर्वात मोठं गूढ असतं.

हे सगळं एका वेळी एका इयत्तेला शिकवता आलं तर. पाड्यावरची शाळा बहुधा द्विशिक्षकी. एक गुरुजी पहिली-दुसरी घेणार, दुसरे तिसरी ते पाचवी. एखादा शिक्षक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की पाचही इयत्ता एकाच्या पुढ्यात. अशा वर्गात इयत्तेऐवजी स्तराने गट करणं हाच उपाय ठरतो. अक्षर ओळखणारे एका गटात, शब्द वाचणारे दुसऱ्या, परिच्छेद वाचणारे तिसऱ्या, मग मूल दुसरीतलं असो की चौथीतलं. ही पद्धत इथे सक्तीने आली आणि गुणाने टिकली.

दिवाळीनंतरची शाळा

जव्हार-मोखाड्याचं शैक्षणिक वर्ष कागदावर जूनमध्ये सुरू होतं आणि पुढच्या वर्षी एप्रिल-मेमध्ये संपतं. कित्येक पाड्यांवर ते दिवाळीला संपतं. भात आणि नागली घरात आली की कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. शिमग्याला चार दिवस गावी येतात, पुन्हा जातात, आणि पावसाच्या तोंडावर परततात. कातकरी कुटुंबांत तर बऱ्याचदा उचल आधीच घेतलेली असते, त्यामुळे जायचं की नाही हा पर्याय उरत नाही. मुलं सोबत जातात. धाकट्या भावंडाला सांभाळायला, विटा उलथवायला.

आता हिशेब मांडून बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस शिकवलं पाहिजे. स्थलांतरित मुलाला मिळतात साधारण त्याच्या निम्मे, त्यातही आवणीच्या दिवसांत गळती. पहिलीत आलेल्या मुलांसाठी निपुणअंतर्गत बारा आठवड्यांचा 'विद्याप्रवेश' कार्यक्रम आहे: गप्पा, गाणी, खेळ, अक्षरांची पूर्वतयारी. कार्यक्रम उत्तम आहे. पण जूनच्या मध्यात सुरू झालेले बारा आठवडे सप्टेंबरच्या मध्यात संपतात. दिवाळीला उरतात जेमतेम सहा-आठ आठवडे. म्हणजे या मुलाचं पहिलीचं बहुतेक वर्ष शिकण्याच्या तयारीतच सरतं, आणि शिकायची वेळ येते तेव्हा ते भट्टीवर असतं.

राज्य सरकारने दुसरी ते पाचवीसाठी निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम काढला, त्याचा कालावधी होता 5 मार्च ते 30 जून 2025. गावकऱ्यांसमोर मुलांनी वाचून दाखवायचं, त्याला नाव दिलं चावडी वाचन. कल्पना चांगली आहे, मुलाला भर सभेत वाचताना पाहून आईबापाची छाती फुगते. पण मार्च ते मे हा भट्टीचा हंगाम. या तीन महिन्यांत मोखाड्याच्या चावडीवर म्हातारी माणसं आणि कुत्री असतात. ज्या मुलांसाठी कार्यक्रम हवा होता ती शंभर किलोमीटरवर विटांच्या थप्प्यांमध्ये होती. वेळापत्रक पुण्यात ठरतं तेव्हा असं होतं.

स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे: मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने ते पाहून प्रवेश द्यायचा. विवेक पंडितांच्या विधायक संसदेने याच भागात वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा चालवल्या, भट्टीवरच वर्ग भरवला. शाळेने मुलाच्या मागे जायचं ही कल्पना तेव्हाही जुनीच होती. पत्रकापेक्षा ती जास्त खरी होती, कारण पत्रक मुलाच्या हातात देता येतं, पण भट्टीपासून शाळेपर्यंतचा रस्ता आणि ओळखीचे गुरुजी त्याच्यासोबत देता येत नाहीत.

गणिताचं उद्दिष्ट 9999 पर्यंत का, याचं उत्तरही भट्टीवरच मिळतं. तिथे मजुरी दर हजार विटांमागे ठरते. आठवड्याला खर्ची मिळते, ती हिशेबातून वळती होते, आणि हंगामाच्या शेवटी मालक सांगेल तो आकडा खरा. सोमवारी 950 विटा, मंगळवारी 1,020, दोन दिवसांच्या किती, हे तिसरीतल्या मुलीला सांगता आलं तर त्या घराचा हिशेब पहिल्यांदाच घरात होईल. पुण्यातल्या मुलासाठी 9999 ही परीक्षेतली संख्या आहे. इथे ती आईबापाच्या घामाची मोजणी आहे. म्हणूनच 'आदिवासी मुलांना एवढं कशाला, थोडं कमी ठेवा' असं सुचवणाऱ्यांना साफ नकार दिला पाहिजे.

जिल्ह्यालाच माहीत असलेलं

गमतीचा भाग असा की, या सगळ्याची उत्तरं शोधायला फार लांब जावं लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेलं. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर त्यांनी मुलांच्या अंगणात शाळा भरवली. गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणात भरवली. आज देशभर रूढ झालेली अंगणवाडी ही कल्पना तिथली. त्याच डहाणू तालुक्यात ऐन्याला रमेश पानसे यांच्या ग्राममंगलने मुक्तशाळा चालवून आदिवासी मुलं कशी शिकतात याचा बारकाईने अभ्यास केला. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून 2007 पासून नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था वाचन-लेखनाच्या पद्धतीवर, अंगणवाडीवर आणि मुलांपर्यंत गोष्टी नेण्यावर काम करते. जव्हार-मोखाड्याच्याच जिल्ह्यात ऐंशी वर्षांची ही शिदोरी जमा आहे. निपुणच्या प्रशिक्षणात ती किती उघडली जाते, हा प्रश्न विचारायला हवा.

भाषेबाबतही देशात वाट मळलेली आहे. ओडिशाने 2006-07 पासून आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण सुरू केलं. दहा भाषांनी सुरुवात झाली, पुढे ती एकवीसवर गेली. ती भाषा बोलणारे स्थानिक शिक्षक नेमले. राज्यघटनेच्या 350 अ या कलमात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी असं 1956 पासून लिहिलेलं आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा महाराष्ट्र पेटला, मोर्चे ठरले, आणि 29 जूनला सरकारने निर्णय मागे घेतला. लहान मुलावर परकी भाषा लादू नये, हा मुद्दा सगळ्यांना पटला. मग मोखाड्यातल्या पहिलीच्या वर्गात मराठीबाबत तोच मुद्दा लागू होतो, हे आपल्याला का दिसू नये? मराठी शिकायलाच हवी, उत्तम शिकायला हवी. पण तिच्यापर्यंत जाणारी पायरी बोलीची असायला हवी.

काय करायचं, ते आता स्पष्ट आहे. बालवाटिका आणि पहिलीच्या वर्गात बोली जाणणारी स्थानिक मदतनीस द्या. अंगणवाडी सेविका आधीच तिथलीच असते, तिला आणि शिक्षकाला एकत्र प्रशिक्षण द्या, मग खाती दोन असली तरी चालेल. वाचनाची तपासणी अनोळखी उताऱ्यावर करा आणि वेगाआधी अर्थ विचारा. 'चाळीस सात' वाचायला पहिली-दुसरीत मोकळीक द्या. जव्हार-मोखाड्यात मोहिमा जून ते ऑक्टोबर या काळात ठेवा. दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या शाळांना या मुलांच्या याद्या, त्यांचे स्तर आणि ओळखीचा एक शिक्षक द्या. गाव रिकामं झाल्यावर चाचणी घेऊन टक्केवारी काढू नका.

साठ शब्द आणि 9999 ही अट जव्हारच्या मुलासाठी तसूभरही कमी करू नये. मात्र ती गाठायला पुण्याच्या मुलाला जेवढे दिवस आणि जेवढी स्वतःची भाषा मिळते, तेवढी त्यालाही मिळाली पाहिजे. हे दोन्ही देण्याची जबाबदारी शासनाची आहे. ते दिल्यावरही मुलाला वाचता आलं नाही, तरच शिक्षकाला जाब विचारा.